चहाला हात लावू नकोस

मागच्या वर्षी जानेवारीत कंपनीच्या हेल्थ चेकअपचा रिपोर्ट आला. वय 28, वजन 84 किलो, ट्रायग्लिसराइड्स 231, एचबीएवनसी 5.9. शेवटच्या आकड्यापुढे बारीक अक्षरात 'प्रीडायबेटिक' लिहिलेलं. पप्पांना शुगर निघाली तेव्हा ते 41 वर्षांचे होते. मी त्यांच्या तेरा वर्षं आधीच रांगेत जाऊन उभा राहिलो होतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर. कंपनी पुण्यात, मी 2020 पासून नाशिकरोडच्या घरी. पाठीला उशी, पुढे दोन स्क्रीन आणि डाव्या हाताला खारीचा डबा. घाबरलेला इंजिनियर जे करतो तेच मी केलं. एक्सेल शीट उघडली.

नियम सोपा ठेवला: आजीच्या लहानपणी घरात जे खाल्लं जायचं तेवढंच खायचं. आजी 84 वर्षांची आहे, सिन्नर तालुक्यातल्या कोरडवाहू गावची. तिला ना शुगर, ना बीपी. अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते. मला वाटलं, हिच्या ताटाची नक्कल केली की झालं. शीटमध्ये तीन कॉलम केले: पदार्थ, आजीच्या लहानपणी होता का, ठेवायचा का. मैद्याचं सगळं बाद. खारी, टोस्ट, नूडल्स, पिझ्झा, पाकीटबंद फरसाण बाद. बाजरी, नागली, हुलगे, मठ, उडीद, ताक, खुरासणीची चटणी, अंबाडी आत.

आणि सतराव्या ओळीत चहा. दुसऱ्या कॉलममध्ये मी काहीच लिहिलं नाही. तिसऱ्यात लिहिलं 'हो'. त्याखालच्या ओळीत कॉफी होती, तिथेही 'हो'. शेजारी नोंद केली: 'नंतर बघू'. आमच्या धंद्यात कोडमध्ये अशी नोंद केलेली गोष्ट नंतर कुणी बघत नाही, हे मला माहीत होतं.

*

मग आजीची मुलाखत घ्यायला बसलो. लॅपटॉप मांडीवर.

"आजी, तू लहान असताना सकाळी काय खायचीस?"

"रात्रीची भाकर. ताक असलं तर ताकात कुस्करून. नसलं तर मीठ-मिरची."

मिरचीवर मी अडखळलो. मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज इथे आल्यावर, सोळाव्या शतकात ती भारतात रुळली. शेंगदाणा, टोमॅटो, बटाटा, मका हेही तिकडचेच. उपवासाचा साबुदाणा तर त्याहून गंमतीचा. तो ज्या कंदापासून बनतो तो कसावा दक्षिण अमेरिकेतला आणि तमिळनाडूतल्या सेलम भागात साबुदाण्याचे कारखाने उभे राहिले ते 1940 च्या दशकात. म्हणजे एकादशीला आपण ज्याला सनातन समजून खातो ती खिचडी जेमतेम आजीच्या वयाची. त्या हिशेबानं आमच्या घरातला चहा तिच्यापेक्षा फार धाकटा नव्हता.

"आणि चहा कधी आला घरात?"

आजीनं थोडा विचार केला. "माझ्या आईकडं पाहुणा आला की गूळ-पाणी द्यायचे. चहा कुणी आजारी पडलं तर. मी सासरी आले तेव्हा इथं होता. गुळाचा, शेळीच्या दुधाचा." लग्न 1958 सालचं. मग तिनं आपणहून एक वाक्य जोडलं, ते मी शीटमध्ये कुठे टाकावं हे मला कळेना. "बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायचो ना, तेव्हा चहाच होता. भूक मारायला बरा."

तिला सात भावंडं होती. त्यातली तीन पाच वर्षांची व्हायच्या आत गेली. हेही तिनं त्याच आवाजात सांगितलं, जसं भाकरीचं सांगितलं. जुन्या खाण्यानं सगळे ठणठणीत होते, असं म्हणताना आपण फक्त उरलेल्यांना मोजत असतो. आजी उरली, म्हणून तिचं ताट माझ्या शीटमध्ये आलं.

*

पहिले दोन महिने मजेत गेले. वजन चार किलो उतरलं. मी मित्रांना बाजरीवर लेक्चर द्यायला लागलो. दुपारी तीन-साडेतीनला जी झोप यायची ती गेली, कारण भातावर वरण आणि वरणावर खारी हा प्रकार थांबला होता. हुलग्याचे शेंगोळे खाऊन रात्री पुन्हा भूक लागत नाही, हा शोध मला अठ्ठाविसाव्या वर्षी लागला.

चहाचं मात्र मन खात होतं. दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर. म्हणजे दिवसाची 30 ते 40 ग्रॅम साखर नुसती चहातून. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत असलेली उत्तम. मी गूळ आणला. पहिल्याच दिवशी दूध फाटलं. गूळ उकळत्या दुधात घातला की असं होतं. चहा खाली उतरवून मग घालायचा असतो, हे आजीनं सांगितलं, पण पातेलं वाया गेल्यावर. गुळाच्या चहाच्या पाट्या आता गल्लोगल्ली आहेत, पण रक्तातल्या शुगरच्या दृष्टीनं गूळ आणि साखर यांत फारसा फरक नाही. म्हणून शेवटी अर्ध्या चमच्यावर आलो. पंधरा दिवस चहा औषधासारखा लागला, मग सवय झाली.

कॉफीचा प्रश्न लवकर सुटला. आमच्याकडे कॉफी म्हणजे रात्री अभ्यासाला बसताना जायफळ घातलेली दुधाची कॉफी. दहावीपासून इंजिनियरिंगच्या शेवटच्या सेमिस्टरपर्यंत मम्मी ती करून द्यायची. कॉफीचं झाड भारतात सतराव्या शतकात आलं, बाबा बुदान यांनी येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून चिकमगळूरच्या डोंगरात आणल्या, अशी कथा आहे. कथा खरी धरली तर कॉफी आपल्या साबुदाण्यापेक्षा तीनशे वर्षं जुनी ठरते. मी ती ठेवली, सकाळी एक कप, रात्रीची बंद. रात्री रिलीज असला की फ्रीजवरच्या बरणीकडे बघत बसतो.

राहिला चहा. मार्चमध्ये एका रविवारी मी घरात जाहीर केलं की पुढच्या महिन्यापासून चहा बंद. माझाच नव्हे, घराचाच. पप्पांनी पेपरमधून मान वर केली नाही. मम्मी भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली,

"बाकी तुला काय काढायचं ते काढ. चहाला हात लावू नकोस."

*

मम्मीचं म्हणणं खोडून काढायला मी चहाचा इतिहास वाचायला घेतला. मला सिद्ध करायचं होतं की चहा ही परंपरा नसून विक्री आहे. पुरावा भरपूर मिळाला. 1839 साली आसामचा चहा लंडनच्या लिलावात गेला, तेव्हा तो मुख्यतः इंग्रजांसाठी होता. भारतीयांनी तो प्यावा म्हणून पद्धतशीर प्रचार झाला विसाव्या शतकात. 1903 पासून चहावर एक छोटा कर बसवून त्याच पैशातून जाहिरात चालायची. 1930 च्या दशकात मंदीमुळे बाहेरची विक्री अडकली, तेव्हा चहा कसा करायचा याची फुकट प्रात्यक्षिकं शहरोशहरी झाली. त्याच सुमारास आसाममध्ये पानं चिरडून, फाडून, वळवून दाणे करणारं सीटीसी यंत्र आलं. त्या दाणेदार पावडरीचा रंग भरपूर उतरतो आणि थोड्या चहात जास्त कप होतात. आजीच्या सासरी पुडीतून यायचा तो चहा बहुधा हाच. आणि आपली बोली तरी बघा: अंगणात उगवणाऱ्या सुगंधी गवतालासुद्धा आपण 'गवती चहा' म्हणतो.

केस पक्की झाली होती. पण वाचता वाचता मी पुण्यात पोचलो, 1890 सालात.

तिथल्या पंचहौद मिशनमध्ये शहरातल्या नामवंत मंडळींना बोलावणं होतं. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी घेतली, कुणी नुसती हातात धरली. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि वादळ उठलं. यादीत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. ख्रिस्ती माणसांच्या हातचा चहा घेतला म्हणून प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, ग्रामण्य झालं. पुढे रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. हायकोर्टाच्या न्यायाधीशपदापर्यंत पोचलेला माणूस, आणि कारण काय, तर चहा.

तिकडे कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी चहाचा उलटा उपयोग केला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांना त्यांनी हॉटेल काढून दिलं आणि येता-जाता स्वतः तिथे थांबून चहा घ्यायला सुरुवात केली. महाराज पितात म्हटल्यावर सोबतच्या मंडळींना नाही म्हणता येईना.

हे मी आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आमच्या गावच्या हॉटेलात पण काही लोकांचे कप बाहेर खिळ्याला टांगलेले असायचे. त्यांनीच धुवायचे, त्यांनीच टांगायचे." मी विचारलं नाही की 'काही लोक' म्हणजे कोण. मला माहीत होतं, आणि ते आम्ही नव्हतो. माझ्या घरापासून दहा किलोमीटरवर पंचवटीत काळाराम मंदिर आहे. 2 मार्च 1930 ला बाबासाहेब आंबेडकरांनी तिथल्या दरवाज्यासाठी सत्याग्रह सुरू केला होता. कप आणि दरवाजा, दोन्ही परंपराच होत्या.

माझ्या शीटमधला दुसरा कॉलम विचारत होता: 'आजीच्या लहानपणी होता का?' खिळ्याला टांगलेला कपही आजीच्या लहानपणी होता. जुनं आहे म्हणून चांगलं, हा नियम मी ताटापुरता लावत होतो, कारण ताटात तो मला सोयीचा होता.

चहाबंदीचा ठराव मी मागे घेतला. मम्मी जिंकली असं समजलो. प्रकरण तिथे संपलं नव्हतं.

*

जूनमध्ये एका दुपारी मी कॉलवर होतो. स्वयंपाकघरातून जळका वास आला. म्यूट करून गेलो तर तव्यावर भाकरी काळी झालेली आणि मम्मी ओट्याला टेकून खाली बसलेली. "काही नाही रे, चक्कर आली जरा." गॅस बंद करायला ती पुन्हा उठायला लागली.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 8.6. बाईला 12 च्या खाली असेल तर ॲनिमिया म्हणतात. महाराष्ट्रात 15 ते 49 वयोगटातल्या 54 टक्के बायका त्या रेषेच्या खाली आहेत, असं 2019 ते 21 चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. निम्म्याहून जास्त. आणि मला माझं एचबीएवनसी दशांशासकट पाठ होतं, मम्मीचं हिमोग्लोबिन कधी तपासलंय हेसुद्धा माहीत नव्हतं.

डॉक्टर बाईंनी विचारलं, "लोहाच्या गोळ्या घेता का?"

"घेते ना. फेब्रुवारीपासून."

आम्ही सगळेच चकित. तिनं घरात सांगितलंच नव्हतं.

"कशाबरोबर घेता?"

"सकाळच्या चहाबरोबर. म्हणजे लक्षात राहतं."

डॉक्टर बाई एकदम हसल्या नाहीत की रागावल्याही नाहीत. त्यांना हे रोजचंच असावं. मग त्यांनी समजावलं. चहातली टॅनिनसारखी द्रव्यं अन्नातलं लोह पकडून ठेवतात, आतडं ते शोषून घेऊ शकत नाही. भाजी-धान्यातल्या लोहाला हा फटका जास्त बसतो. घरी येऊन मी वाचलं: 1983 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात जेवणासोबत कपभर चहा घेतल्यावर लोहाचं शोषण 64 टक्क्यांनी घटलं होतं, कॉफीनं 39 टक्क्यांनी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये काढलेल्या आहार-मार्गदर्शिकेतही लिहिलंय की जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी, आणि दिवसाचं कॅफिन 300 मिलिग्रॅमच्या आत ठेवावं. चहाच्या एका कपात साधारण 30 ते 65 मिलिग्रॅम असतं.

म्हणजे मी बाजरीतल्या लोहावर मित्रांना लेक्चर देत होतो, आणि ती बाजरी मळणारी बाई सकाळी चहा पिऊन भूक मारत होती, जेवणावर चहा घेत होती आणि चहाबरोबरच गोळी गिळत होती. आजीनं दुष्काळातलं म्हणून सांगितलेलं वाक्य मला तेव्हा आठवलं. आमच्या घरात दुष्काळ नव्हता. होती फक्त सकाळची घाई, आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेला चहा.

आणखी एक गोष्ट मी मोजली नव्हती. जानेवारीपासून घरातलं काम किती वाढलं होतं. बाजरीचं पीठ लवकर कडू होतं, म्हणून दर आठ-दहा दिवसांनी गिरणीत जायचं. पोळ्या करून डब्यात ठेवता येतात, भाकरी गरमच लागते, म्हणून दोन वेळा तव्यापाशी उभं राहायचं. हुलगे निवडायचे, अंबाडी खुडायची, चटण्या कुटायच्या. माझा पारंपरिक आहार माझ्या तोंडात जात होता आणि मम्मीच्या पाठीवर बसला होता. पूर्वीही असंच होतं. आजी पहाटे चारला जात्यावर बसायची, हे मी मुलाखतीत कौतुकानं टाइप केलं होतं.

"चहाला हात लावू नकोस" हे ती का म्हणाली, ते मी जूनमध्ये विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही आधी. मग म्हणाली, "अरे, चार वाजता बसते ना मी. तेवढंच. जेवताना बसले तर कुणाला तरी वाढायला उठावंच लागतं. चहा झाला की कुणी काही मागत नाही."

*

आता आमच्याकडे चहाचं वेळापत्रक आहे. उठल्यावर चहा नाही, आधी खाणं. मम्मीसाठी नियम कडक: सकाळी गोळी लिंबूपाण्याबरोबर, मग नाष्टा, मग तास-दीड तासानं पहिला कप. जेवणावर चहा पूर्ण बंद. दुपारचा चार वाजता, कारण जेवण दीडला होतं आणि मधे पुरेसं अंतर पडतं. जेवणात लिंबाची फोड किंवा आवळा, कारण क जीवनसत्त्वानं लोह जास्त मुरतं. पाळीचा त्रासही होता, त्यावर वेगळे उपचार सुरू झाले. ऑक्टोबरमध्ये तिचं हिमोग्लोबिन 11.1 आलं. श्रेय एकट्या चहाच्या वेळेचं नाही, पण फेब्रुवारी ते जून त्याच गोळ्यांनी जे केलं नव्हतं ते पुढच्या चार महिन्यांत झालं. माझं एचबीएवनसी 5.6.

रात्रीच्या भाकऱ्या मी करतो. सुरुवातीला श्रीलंकेच्या नकाशासारख्या व्हायच्या. आजी खाटेवरून सूचना द्यायची: पाणी गरम घे, पीठ जास्त मळ, कडा आधी दाब. आता गोल होतात, फुगतात दहातल्या सहा. पप्पा गिरणीत जातात. त्यांना मी काही सांगितलं नाही. एक दिवस पिशवी उचलून ते आपले निघाले.

शीट अजून आहे. दुसरा कॉलम मी काढून टाकला. त्या जागी दोन नवे आले: 'अंगी लागतं का' आणि 'करायला कोण उभं राहतं'. दुसऱ्यात कुणा एकाचंच नाव सलग येत गेलं तर त्या आठवड्याचा बेत बदलायचा. सतराव्या ओळीतली 'नंतर बघू' ही नोंद पुसून तिथे लिहिलंय: 'चार वाजता, जेवणापासून लांब'. कॉफीच्या ओळीत: 'सकाळी एक, खाल्ल्यानंतर तासाभरानं'.

चारचा चहा मी टाकतो. आलं, गवती चहा, साखर अर्धा चमचा. आजीला बशीत ओतून लागतो. मम्मी बाल्कनीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसते, पाय दुसऱ्या खुर्चीवर. पंधरा-वीस मिनिटं. पहिल्या आठवड्यात ती दोनदा उठून ओटा पुसायला आली, मग यायची थांबली.

टीमला मी सांगून ठेवलंय की चार ते साडेचार माझं कॅलेंडर ब्लॉक असतं. कारण अजून कुणी विचारलेलं नाही.